वळणं मोजणारा घरमालक

आमच्या जुन्या घरमालकाबद्दल लोक अजून कौतुकाने बोलतात. मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्लीत कुणाकडे गणपतीची आरती असो की मुलाचा वाढदिवस, त्या वर्षांतले दोन-तीन विद्यार्थी एकत्र आले की काकांचा विषय निघतोच. "काय वल्ली माणूस होता राव!" असं कुणीतरी म्हणतं आणि सगळे हसतात. मी हसत नाही. मला त्या माणसाचा राग आहे. तो का आहे, हे एकदा क्रमाने लिहून काढायचं मी ठरवलं आहे. मी अकाउंटंट आहे, मला मोघम राग धरता येत नाही.

कारण आधीच सांगतो. माझे वडील सांगलीला चौतीस वर्षं भूगोल शिकवत होते. हिमनदी, हिमरेषा, हिमखंड हे सगळं त्यांनी शेकडो मुलांना फळ्यावर आकृत्या काढून समजावलं, आणि स्वतः बर्फ कधी पाहिला नाही. माझ्या पदवीदानाला ते मेलबर्नला आले. आई त्याच्या दोन वर्षं आधी गेली होती, म्हणून एकटेच आले. त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नाही. फक्त म्हणाले, "बर्फावर एकदा उभं राहायचंय." आणि या घरमालकाने त्यांना अर्ध्या डोंगरातून परत आणलं.

दोन हजार सात-आठची ती वर्षं. भारतातून विद्यार्थ्यांचा लोंढा सुरू होता. एजंट गावागावात हॉटेलच्या हॉलमध्ये सेमिनार घेत होते. कॉलेजं एखाद्या दुकानाच्या माडीवर निघत होती. तीन बेडरूमच्या घरात नऊ जण राहत होते, आणि त्या नवांना कुणी काही विचारत नव्हतं. त्या मानाने आमचे काका सरळ होते. चार खोल्या, चार विद्यार्थी, पाचवा भाडेकरू एका महिन्यापुरताही नाही. वय साठीच्या आसपास. मूळचे महाडकडचे, वरंधा घाटाच्या पायथ्याचे. ऑस्ट्रेलियात येऊन पंचवीस वर्षं झाली होती आणि एका कारखान्यात फिटर होते. बायको मुलीकडे सिडनीला गिरावीनला राहायची. भांडण नव्हतं. "तिला तिथं बरं वाटतं, मला इथं," एवढंच ते सांगत.

आम्हा चौघांनाही ते 'इंजिनिअर' म्हणायचे. मी अकाउंटिंगचा, एक नर्सिंगचा, एक आयटीचा आणि माझा पुण्याचा रूममेट कुकरीचा. त्याने एकदा सांगून पाहिलं, "काका, मी स्वयंपाक शिकतोय."

"मग चूल कुणी बांधली, इंजिनिअर?" काका म्हणाले.

दर रविवारी सकाळी सात वाजता ते ड्राइव्हवेत उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या टायरची हवा मोजायचे. गाडी कुणाची आहे हा प्रश्न त्यांना पडत नसे. शनिवारी कुणाचा मित्र मुक्कामाला आला असेल तर सकाळी त्याला उठवून सांगायचे, "बत्तीस पाहिजे, सत्तावीस आहे. पाच कुठं गेले?" तो बिचारा झोपेतून उठून माफी मागायचा. एकदा पार्सल देणाऱ्या माणसाची व्हॅन दारात दोन मिनिटं थांबली. तो बेल वाजवेपर्यंत काकांनी मागच्या दोन चाकांची हवा मोजली होती. "ऑल गुड, मेट?" त्याने विचारलं. "नॉट गुड, मेट," काका म्हणाले आणि त्याला हवा भरल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

हे विनोदी वाटतं, पण रोज घरात राहणाऱ्याला ते विनोदी नसतं. मला सकाळी आठच्या शिफ्टला जायचं असताना, माझा एक टायर आतल्या बाजूने झिजलाय यावर मी त्यांचं वीस मिनिटांचं व्याख्यान ऐकलेलं आहे.

हिवाळा आला की त्यांचा खरा हंगाम सुरू व्हायचा. दरवर्षी ते घरातल्या मुलांना त्यांच्या आठ सीटांच्या जुन्या व्हॅनमधून माउंट बुलरला बर्फ दाखवायला न्यायचे. पण आधी परीक्षा. बर्फात चाक घसरू नये म्हणून टायरवर लोखंडी साखळ्यांची जाळी बांधतात, तिला सगळे चेन म्हणतात. ती प्रत्येकाला ड्राइव्हवेत एकट्याने बांधून दाखवावी लागे. वेळ नऊ मिनिटं. स्वयंपाकघरातला घंटी वाजणारा टायमर ते पायरीवर ठेवत. हातमोजे घालायचे आणि ते आधी नळाखाली भिजवायचे. शेजारची ग्रीक आजी खिडकीचा पडदा बाजूला करून हा प्रकार बघत बसायची. आमची दया येऊन तिने एकदा बिस्किटं पाठवली होती.

"काका, तिथं कुणी ना कुणी मदत करतंच की," रूममेट एकदा म्हणाला. त्याची तेव्हा पंधरा मिनिटं होऊन गेली होती.

"कोण करतं? तुझी मावशी राहते का तिथं?"

जो नापास होईल त्याला जागा नाही. जीन्स घालून येणाऱ्यालाही नाही, कारण ओली जीन्स दोन तास वाळत नाही आणि तो माणूस मग गाडीत हीटर लावा म्हणतो. हीटर लावला की काच बंद करावी लागते. आणि डोंगरात काकांची काच चार बोटं उघडी असायची, बाहेर शून्य डिग्री असो की उणे तीन. त्यांना रस्ता ऐकायचा असे. "ओला रस्ता बोलतो," ते सांगायचे. "टायरखाली सूं आवाज येतो. तो आवाज एकदम गप्प झाला, की समजायचं खाली पाणी नाही, बर्फ आहे. डोळ्याला दोन्ही सारखंच काळं दिसतं." हे खरं आहे. मी पुढे स्वतः अनुभवलं. त्यांचं बरंचसं खरं असायचं आणि म्हणूनच त्यांच्याशी वाद घालणं जास्त त्रासाचं होतं.

चढ सुरू झाला की गाडीत बोलायला बंदी. ते वळणं मोजायचे. मोठ्याने. "एक्केचाळीस… बेचाळीस…" मध्ये कुणी शिंकलं तरी आरशातून बघायचे. पहिल्या वर्षी मीही मनात मोजली. वर पोचल्यावर ते म्हणाले, एकशे नऊ. मी म्हणालो, एकशे बारा.

"कुठली तीन जास्तीची?"

"पुलानंतरचं एक, आणि चेन बांधायला गाड्या थांबतात त्या दुसऱ्या जागेच्या आधीची दोन."

"ती वळणं नव्हेत. स्टिअरिंग अर्धा फेरा फिरलं तर वळण. नाहीतर रस्ता नुसता आळस देतो."

या व्याख्येवर आम्ही पार्किंगमध्ये उभे राहून अर्धा तास भांडलो. बाकीचे तिघे तेवढ्यात बर्फात लोळून, फोटो काढून परत आले. काका स्वतः बर्फावर कधी गेले नाहीत. गाडीचं तोंड उताराकडे करून लावायची, थर्मासमधला चहा प्यायचा आणि बसून राहायचं. स्कीवरून घसरणाऱ्या लोकांकडे त्यांनी एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "ब्रेक नाही, स्टिअरिंग नाही, आणि वर तिकीट काढून."

हे सगळं कशातून आलं, यावर घरात दोन कथा होत्या. एकीत त्यांचा भाऊ घाटात गेला होता, दुसरीत वडिलांचा ट्रक. रूममेट दोन्ही तितक्याच खात्रीने सांगायचा. मला दोन्हींचा काही पुरावा मिळाला नाही, म्हणून इथे त्यांना धरत नाही.

एक गोष्ट मात्र मी डोळ्यांनी पाहिली आहे. चेन बांधायच्या जागेवर ते भारतीय मुलांच्या गाड्या अडवायचे. आठवड्यापूर्वी घेतलेली सेकंडहँड गाडी, आत सहा जण, टायर टकलासारखे गुळगुळीत. काका हात वर करून थेट रस्त्यात उभे राहायचे. अंगात पिवळं जाकीट असायचं, त्यामुळे मुलांना ते सरकारी माणूस वाटायचे. "टायर देखा है अपना? माँ को क्या बताऊँ, फोन करके?" असं हिंदीत झापायचे. काही मुलं खरोखर परत फिरायची. अशा वेळी मला त्यांचा अभिमान वाटायचा. रागाच्या यादीत हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर यादी खोटी होईल.

बाबा आले ते जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. काकांनी त्यांना पाहिल्याबरोबर 'सर' म्हणायला सुरुवात केली. ज्याला ते 'इंजिनिअर' म्हणाले नाहीत असा त्या घरातला हा पहिला माणूस. दोघांची गट्टी जमली. संध्याकाळी बाबा त्यांना कागदावर डोंगराच्या रेघा काढून दाखवत, वारा कुठल्या अंगाला बर्फ टाकतो ते सांगत, आणि काका ऐकत. जो माणूस माझं एक वाक्य पुरं होऊ देत नसे, तो बाबांसमोर अर्धा-अर्धा तास गप्प बसायचा. बाबांनी त्यांना सांगितलं, "तुमची वळणाची व्याख्या बरोबर आहे." मला तेव्हाच राग यायला हवा होता.

आधीचे दोन रविवार वादळात गेले. डोंगराचा रस्ताच बंद होता. उरला शेवटचा रविवार. बाबांचं विमान मंगळवारी. आणि त्या आठवड्यात काकांच्या स्वतःच्या चेनची एक कडी झिजलेली निघाली. दुसरा कुणी तारेने बांधून काम भागवतो. त्यांनी अख्खी जोडी कचऱ्यात टाकली.

"वाटेतल्या मॅन्सफिल्ड गावात भाड्याने घेऊ," ते शनिवारी मला म्हणाले. "टायरचा आकडा लिहून घे. तू आकडेवाला आहेस."

मी लिहून घेतला. बाहेर पाऊस होता, व्हॅन कुंपणाला लागून चिखलात उभी होती. मी ड्रायव्हरचं दार उघडलं. आतल्या बाजूला कंपनीने लावलेली पट्टी असते, तिच्यावर टायरचा आकार छापलेला असतो. स्वच्छ, स्पष्ट अक्षर. मी तो कागदावर उतरवला, दोनदा ताडून पाहिला आणि घडी करून खिशात ठेवला.

रविवारी सकाळी सहाला निघालो. काका, बाबा, रूममेट आणि मी. बाबांनी दोन स्वेटर, माझं जाकीट आणि सांगलीहून आणलेली माकडटोपी घातली होती. मॅन्सफिल्डला मी दुकानात एकटाच गेलो, आकडा दाखवला, चेनची पिशवी घेतली. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "नो वरीज, मेट." पिशवी मागच्या सीटखाली गेली. डोंगराच्या पायथ्याच्या फाटकावर विचारलं, चेन आहेत का. आहेत म्हणालो. चढ सुरू झाला. काकांची मोजणी सुरू झाली, आणि आश्चर्य म्हणजे बाबाही हळू आवाजात बरोबर मोजायला लागले. एरवी आरशातून डोळे वटारणाऱ्या काकांनी ते चालू दिलं.

चेन बांधायच्या पहिल्या जागेवर काकांनी गाडी बाजूला घेतली. रस्त्यावरच्या फलकावर फक्त एवढंच होतं: चेन जवळ ठेवा. बांधा असं नव्हतं. पण काकांचा नियम होता, की डोंगरात शिरल्यावर एकदा बांधून बघायची आणि मग काढून ठेवायची. मी आणि ते खाली उतरलो, बाबा आणि रूममेट काचा लावून आत बसले. मी चेन मागच्या चाकावर टाकली. आतला हूक लागला. बाहेरचा लागेना. चार बोटं कमी पडत होती. मी ओढलं, गाडी थोडी पुढे घ्यायला लावली, परत ओढलं. चार बोटं.

काकांनी पिशवीवरचा आकडा वाचला, मग वाकून टायरवरचा वाचला.

"आकडा कुठून घेतलास?"

"दाराच्या पट्टीवरून. कंपनीनेच छापलाय, काका."

"टायर मी मोठे घातलेत. दोन वर्षं झाली." ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "टायरचा आकडा टायरवर वाचायचा असतो. तू आकडेवाला, म्हणून मी परत बघितलं नाही."

"पण बांधायच्या कुठं आहेत? नुसत्या जवळ ठेवायच्या आहेत," मी म्हणालो. "आणि त्या आपल्याजवळ आहेत."

"ह्या? ह्या जवळ ठेवून काय करू, गळ्यात घालू?"

"काका, रस्ता बघा. नुसता ओला आहे."

"आत्ता साडेदहा वाजलेत. उतरताना चार वाजतील. ऊन डोंगराआड गेलेलं असेल."

"मग दोनला उतरू! एकला उतरू! वर जाऊन पाच मिनिटं उभे राहू आणि लगेच परत."

"वर गेल्यावर हवा कुणाच्या हातात असते?"

त्यांनी चेन पिशवीत भरली. मी दरवाजा धरून उभा राहिलो. फलक काय म्हणतोय, किती गाड्या वर चालल्यात, त्यातल्या किती आपल्या व्हॅनपेक्षा वाईट आहेत, हे मी त्यांना सांगत होतो. आमच्यासमोरून तेवीस गाड्या वर गेल्या, मी मोजल्या. चोविसावी थांबली. आत चार पंजाबी मुलं होती. रूममेट त्यांच्याशी काहीतरी बोलला असावा. एकाने काच खाली केली आणि बाबांना म्हणाला, "अंकल, आ जाओ. एक सीट है. शाम को नीचे छोड़ देंगे."

बाबा व्हॅनमधून उतरले होते. त्यांनी त्या गाडीच्या दाराचं हँडल धरलं. मी बघत होतो. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी पदवीदानालाही पाहिला नव्हता.

काका त्या गाडीभोवती एक फेरी मारून आले. एकेका चाकापाशी थांबले, वाकले. मग मुलांना म्हणाले, "नहीं."

"अंकल, हम रोज़ आते हैं—"

"आप जाओ. ये नहीं जाएँगे." आणि बाबांकडे वळून, "सर, गाडीत बसा."

बाबांनी हँडल सोडलं.

मला आजही विचारायचं आहे: हा कोण? साठ वर्षांच्या माणसाने, मोठ्या शाळेत सगळी हयात काढलेल्या माणसाने, कुठल्या गाडीत बसायचं, हे ठरवणारा हा कोण? भाड्याने खोली देतो म्हणून? मुलगा मी होतो. आणि मी तिथे तोंड उघडलं नाही, कारण काकांनी त्याच वेळी आणखी एक गोष्ट केली. बाबा बसल्यावर त्यांनी खिडकीतून आत डोकं घातलं आणि म्हणाले, "माफ करा, सर. चेनचा आकडा मी चुकीचा दिला. माझी चूक."

मी तिथेच उभा होतो. 'नाही बाबा, आकडा मी घेतला' एवढी पाच शब्दांची गोष्ट. मी ती बोललो नाही. रूममेटला खरं माहीत नव्हतं, बाबांना माहीत नव्हतं. माहीत होतं ते आम्हा दोघांना. काका स्टिअरिंगवर जाऊन बसले आणि आम्ही उतरायला लागलो. उतरताना त्यांनी वळणं मोजली नाहीत.

मॅन्सफिल्डला परत आलो. त्या दुकानात आमच्या टायरच्या मापाची शेवटची जोडी अर्ध्या तासापूर्वी गेली होती. दुसऱ्या दोन्ही दुकानांत नव्हतीच. वर जाणारी सकाळची बस केव्हाच निघून गेली होती. पुढची इतकी उशिरा होती, की वर पोचेपर्यंत परतीची निघालेली असती. मी बसच्या वेळा फलकावरून लिहून घेतल्या, पुन्हा पुन्हा मांडल्या. जमत नव्हतं.

गावाबाहेर एका कुरणाच्या कुंपणाशी काकांनी न विचारता गाडी थांबवली. मेंढ्या चरत होत्या आणि त्यांच्या मागे, लांब, तो डोंगर. खाली निळा-काळा, वर पांढरा. बाबा उतरून तारेला धरून उभे राहिले. मी घड्याळात पाहिलं, बावीस मिनिटं. मग ते काकांना म्हणाले, "हिमरेषा ती. बघा, कशी सरळ कापल्यासारखी दिसते. खरं सांगू का, ही इथूनच दिसते. वर गेल्यावर कुठली रेषा? बरं झालं आपण इथे थांबलो."

"खरंच, सर?"

"चौतीस वर्षं शिकवलीय मी ती."

काकांचा चेहरा सैल झाला. माझाही झाला, हे मी लपवत नाही. बाबांचं काम झालं, असं मी स्वतःला सांगितलं. सोमवारी पेपर आणून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिला. त्या रस्त्यावर रविवारी एकही अपघात झालेला नव्हता. तो पेपर मी काकांच्या टेबलावर उघडा ठेवला. त्यांनी त्यावर कांदे चिरले.

मंगळवारी बाबा सांगलीला परत गेले. महिन्याभराने काकांना सांगलीहून पत्र आलं. काकांनी ते मला वाचायला दिलं. चूक कुणाच्याही हातून होते, ती मनाला लावून घेऊ नका, तुम्ही मला सुखरूप आणलंत, असं बाबांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं. मी वाचून परत दिलं.

"काका, तुम्ही असं का सांगितलंत त्यांना?"

"कसं?"

"तुमची चूक म्हणून."

"दोन दिवस उरले होते त्यांचे इथं. ते दोन दिवस तुझ्यावर रुसून काढले असते तर चाललं असतं का?"

"ते रुसले नसते."

"मग सांगून टाक. फोन आहे." ते म्हणाले आणि टायमर घेऊन बाहेर गेले. नवा विद्यार्थी आला होता, त्याची परीक्षा होती.

मी फोन केला नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या नाही. मला पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना मिळाला, लग्न झालं, मुलगी झाली, कॅसल हिलजवळ नोकरी लागली म्हणून सिडनीला आलो. आयुष्यभर मी लोकांच्या कागदांतल्या चुका ज्याच्या त्याच्या नावावर लावत आलोय. माझी स्वतःची एक चूक मात्र दुसऱ्या माणसाच्या नावावर होती आणि ती त्याने मला न विचारता घेतली होती. याचा राग मला त्या परत फिरण्याच्या रागापेक्षा जास्त होता. मी मागितली होती का ही मेहेरबानी? एखाद्याला अशी सूट दिली की तो ती वापरतो. मी चार वर्षं वापरली.

चौथ्या वर्षी बाबांना हृदयाचा त्रास सुरू झाला. मी त्यांना पुन्हा बोलावत होतो. या वेळी चेन मी स्वतः विकत घेतल्या होत्या, टायरवर वाचून. डॉक्टर लांबच्या विमानप्रवासाला नको म्हणाले. ते कळलं त्या रविवारी दुपारी मी फोनवर सगळं सांगून टाकलं. पट्टी, पाऊस, चार बोटं, काकांची माफी. बाबांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

मला वाटलं ते विचारतील, तेव्हाच का नाही बोललास. त्याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. त्यांनी ते विचारलं नाही.

"म्हणजे आकडा बरोबर असता तर आपण वर गेलो असतो?"

"हो, बाबा."

"किती राहिलं होतं रे तिथून?"

"अकरा किलोमीटर."



"अकरा," ते म्हणाले. "सांगली ते मिरज. त्या गृहस्थांना आणखी वाईट वाटू नये म्हणून मी तेव्हा ते रेषेबिषेचं बोललो. अकराच होतं माहीत असतं तर चालत गेलो असतो."

नंतर त्यांनी नातीची चौकशी केली आणि फोन ठेवला. पुढच्या मार्चमध्ये ते गेले.

दिवस झाल्यावर मेलबर्नला काकांना फोन लावला. त्यांना सगळं सांगितलं, कारण आता कुणाला कशापासून वाचवायचं उरलं नव्हतं. ते ऐकून त्यांनाही लागावं अशी माझी इच्छा होती, हे कबूल करतो. शेवटी म्हणालो, "काका, बाबा चालत गेले असते. तेच म्हणाले."



"कुठल्या बुटांत?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"त्या दिवशी पायांत काय होतं सरांच्या?"

मला आठवत होतं. "कॅनव्हासचे."

"मग नाही," काका म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला होता, पण शब्द नेहमीचेच होते. "मग मी नसतं जाऊ दिलं."